ई-रीडर: पडदा आला, पुस्तकं कुठायत?

पाचवा_कप (धागाकर्ता)

"किंडल घ्यावं की टॅब" या धाग्यावर गाडी "हे सगळं सुरू कुणी केलं?" इथपर्यंत गेली. तिथे माझा प्रतिसाद फारच लांबायला लागला, म्हणून वेगळा धागा काढतोय. नेटवर ई-रीडर, म्हणजे पडद्यावर पुस्तक वाचायचं यंत्र, या विषयावर जे फिरतं ती बहुतेक मॉडेलांची जंत्री असते: आधी सोनी, मग किंडल, मग रंगीत किंडल. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. या यंत्रांच्या गोष्टीत पडदा बहुतेक वेळा आधी तयार होता आणि पुस्तकं मागाहून आली. जिथे पुस्तकं आली तिथे यंत्र टिकलं, बाकीची भंगारात गेली. मराठीचं घोडंही तिथेच पेंड खातंय.

विजेचा संबंध नसलेली सुरुवात आधी उरकतो. १९२२ साली अमेरिकी नौदलाचे निवृत्त रिअर अॅडमिरल ब्रॅडली फिस्क यांनी वाचनयंत्र काढलं होतं. मजकूर बारीक करून कागदाच्या पट्टीवर छापायचा आणि एका डोळ्याला भिंग लावून वाचायचा. छपाईचा खर्च वाचेल हा त्यांचा हिशेब. लोकांनी एक डोळा मिटून कादंबऱ्या वाचाव्यात ही अपेक्षा मात्र जरा जास्तच होती.

माझी आवडती व्यक्ती म्हणजे स्पेनच्या गॅलिसियातल्या आंखेला रुइस रोब्लेस. फेरोल गावात शिक्षिका होत्या. मुलांच्या दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून त्यांनी १९४९ मध्ये 'यांत्रिक विश्वकोशा'चं पेटंट घेतलं. एकच पेटी, तिच्यात विषयवार गुंडाळ्या बसवायच्या आणि फिरवत वाचायचं. भिंग आणि अंधारात वाचायला दिवा याचाही विचार त्यांनी केला होता. १९६२ मध्ये फेरोलच्या लष्करी कार्यशाळेत नमुना तयार झाला, तो आता आ कोरुन्याच्या विज्ञान-तंत्रज्ञान संग्रहालयात आहे. उत्पादनाला पैसे कुणीच दिले नाहीत. दप्तराच्या ओझ्यावर आपल्याकडे आजही समित्या बसतात, हे जाता जाता.

पुढे १९७१ च्या ४ जुलैला इलिनॉय विद्यापीठात मायकेल हार्ट यांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर टंकला. तिथून मोफत ई-पुस्तकांचं प्रोजेक्ट गुटेनबर्ग सुरू झालं. १९७२ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रातल्या अॅलन के यांनी 'डायनाबुक'चा निबंध लिहिला: वहीच्या आकाराचा, मुलांनी काखोटीला मारून न्यायचा संगणक. तो कधी बनला नाही. पण तिथेच निक शेरिडन यांना संगणकाच्या मिणमिणत्या पडद्याऐवजी कागदासारखं काहीतरी हवं होतं. त्यांनी रबराच्या पातळ पत्र्यात तेलाच्या कप्प्यांत बारीक मणी बसवले, अर्धे पांढरे नि अर्धे काळे. विजेच्या क्षेत्रात मणी फिरतो आणि हवी ती बाजू वर येते. कंपनीने हे काम गुंडाळून ठेवलं आणि नव्वदच्या दशकात पुन्हा उघडलं.

तोवर एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये जोसेफ जेकबसन आणि त्यांचे दोन विद्यार्थी, बॅरेट कॉमिस्की नि जे. डी. अल्बर्ट, दुसऱ्या वाटेने तिथेच पोचले होते. १९९७ मध्ये त्यांची ई इंक कंपनी निघाली, १९९८ मध्ये 'नेचर'मध्ये शोधनिबंध आला. सध्याच्या बहुतेक वाचनयंत्रांत हीच युक्ती आहे. केसाच्या जाडीएवढ्या कुप्या, आत पारदर्शक द्रव, त्यात पांढरे आणि काळे कण. दोघांवर विरुद्ध विद्युतभार. वरच्या बाजूने ज्या भाराची ओढ लागेल ते कण वर येतात आणि दुसरे तळाशी जातात. एकदा जागेवर बसले की वीज काढून घेतली तरी हलत नाहीत. म्हणून बॅटरी आठवडे चालते, आणि म्हणूनच यंत्र बंद असलं तरी पडद्यावर चित्र राहतं. पान उलटताना अधूनमधून सगळा पडदा काळा-पांढरा लुकलुकतो ना, तो बिघाड नव्हे. आधीच्या पानाचे रेंगाळलेले कण हाकलण्यासाठी सगळ्यांना एकदा वरखाली नाचवतात. ते केलं नाही तर जुन्या अक्षरांची सावली राहते.

आता पुस्तकांकडे. १९९० मध्ये सोनीने जपानात डेटा डिस्कमन काढला. त्याच्या आठ सेंटिमीटरच्या चकत्यांवर मुख्यतः शब्दकोश नि संदर्भग्रंथ. १९९८ मध्ये अमेरिकेत रॉकेट ई-बुक आणि सॉफ्टबुक आले. दोन्ही कंपन्या २००० मध्ये जेमस्टारने घेतल्या आणि २००३ मध्ये तो धंदा गुंडाळला.

खरा धडा २००४ चा आहे. सोनीचं लिब्रिए, ई-शाईचा पडदा असलेलं बाजारातलं पहिलं वाचनयंत्र. सहा इंची पडदा, ८०० बाय ६०० ठिपके, साध्या चार ट्रिपल-ए सेलवर चालायचं. पडदा डोळ्यांना इतका निवांत की आजही नावं ठेवता येणार नाहीत. पण फक्त जपानात, पुस्तकं मोजकी, आणि घेतलेलं पुस्तक साठ दिवसांनी आपोआप बंद! एवढं सुंदर यंत्र करून त्यात भाड्याची पुस्तकं भरली. अर्थात आपटलं.

२००७ च्या १९ नोव्हेंबरला अॅमेझॉनचं किंडल आलं. दिसायला ओबडधोबड, तिरकी बटणं, किंमत ३९९ डॉलर. पडद्याची जात लिब्रिएचीच. फरक एवढाच की आत मोबाइलचं कनेक्शन होतं आणि त्याचं बिल ग्राहकाला नव्हतं. संगणक नको, वायर नको, मिनिटाभरात पुस्तक हातात, आणि पहिल्याच दिवशी दुकानात नव्वद हजारांच्या आसपास पुस्तकं. माल साडेपाच तासांत संपला आणि पुढे काही महिने मिळत नव्हता.

भारताचं आणि मराठीचं जाणकारांनी लिहावं.

सांडगेमिरची

वाचतेय. आंखेलाबाईंबद्दल पहिल्यांदाच कळलं. रॉकेट ई-बुकवाले म्हणजे तेच का, ज्यांनी पुढे गाड्या काढल्या?

पाचवा_कप

हो, तेच. मार्टिन एबरहार्ड आणि मार्क टार्पेनिंग. रॉकेट विकून झाल्यावर २००३ मध्ये टेस्ला स्थापन केली. मस्क नंतर आले.

उगाच_शंका

लेख चांगला आहे, पण "पडदा आधी" हे रॉकेटला लागू होत नाही. त्याचा पडदा साधा एलसीडी होता आणि यंत्राचं वजन सहाशे ग्रॅमच्या पुढे. ते पडद्यामुळेही पडलं. सोयीची उदाहरणं निवडली की कुठलाही सिद्धांत उभा राहतो.

दुसरं, किंडलमुळे पुस्तकं "आली" म्हणताय, पण ती आपली झाली का? २००९ च्या जुलैत काय झालं ते आठवा. ऑर्वेलच्या '१९८४'ची एक आवृत्ती हक्क नसलेल्या कुणीतरी दुकानात चढवली होती. अॅमेझॉनने पैसे परत केले आणि लोकांच्या यंत्रांतून पुस्तक परस्पर उडवलं. नेमकं तेच पुस्तक! एका विद्यार्थ्याच्या टिपांना आधारच उरला नाही, तो कोर्टात गेला. अॅमेझॉनच्या बेझोसनी नंतर माफी मागितली. साठ दिवसांनी बंद होणाऱ्या लिब्रिएला तुम्ही हसताय, पण त्यांनी निदान आधी सांगितलं तरी होतं.

पाचवा_कप

रॉकेटचा मुद्दा मान्य, म्हणून तर "बहुतेक वेळा" लिहिलंय. :)

मालकीबद्दल तुमच्याशी वाद नाही. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा विकलेली सगळी पुस्तकं जुलैत उघडेनाशी झाली. पैसे मात्र परत दिले. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत किंडलची विकत घेतलेली पुस्तकं संगणकावर उतरवून वायरने यंत्रात टाकायची सोय अॅमेझॉनने काढून टाकली. पण लोकांनी हे पत्करलं हेही खरं. मिनिटात पुस्तक मिळतंय म्हटल्यावर करारनामा कोण वाचतो?

एडिसनकर

इकडे अमेरिकेत चित्र थोडं वेगळं आहे. इंग्रजी ई-पुस्तक मी शक्यतो विकत घेत नाही, गावच्या सार्वजनिक लायब्ररीच्या कार्डावर लिब्बी अॅपमधून घेतो. २०११ पासून लायब्ररीचं पुस्तक थेट किंडलवरही येतं. एकवीस दिवसांनी आपोआप परत जातं, दंड नाही. गंमत म्हणजे फाइलच्या प्रती अमर्याद असू शकतात, पण लायब्ररीने जेवढे परवाने घेतले असतील तेवढ्याच लोकांना एका वेळी मिळतं. त्यामुळे गाजलेल्या पुस्तकाला रांग असतेच. मराठी पुस्तक मात्र त्यात औषधालाही नाही. त्यासाठी अजून पुण्याहून येणाऱ्यांच्या बॅगेतच जागा शोधावी लागते.

जुनाखिळा

मराठीचं मी लिहितो. आधी छापखान्यात खिळे जुळवले, मग पंचवीसेक वर्षं डीटीपी (संगणकावर पुस्तकांची पानं लावणं) केलं, त्यामुळे हे दुखणं जवळून माहीत आहे.

भारतात यंत्र उशिरा आलं असं नाही. २००९ च्या ऑक्टोबरपासून किंडल अमेरिकेहून इथे मागवता येत होतं. २०१० मध्ये इन्फिबीमने 'पाय' नावाचं देशी वाचनयंत्र दहा हजारांच्या आत आणलं होतं. २०१२ च्या ऑगस्टमध्ये किंडल इथल्या दुकानांत आलं, ६,९९९ रुपयांना. पण किंडलच्या दुकानात मराठीचं रीतसर दालन उघडलं ते २०१६ च्या डिसेंबरात, हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळमबरोबर. मधली वर्षं कुठे गेली? सगळा दोष परदेशी कंपनीवर ढकलू नका. त्यातली बरीच आमच्या टेबलावर गेली.

नव्वदच्या दशकापासून मराठी पुस्तकं पेजमेकरवर लागायची. त्यासाठी जे फाँट वापरायचो ते दिसायला देवनागरी, पोटात इंग्रजी. म्हणजे संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असायची, फक्त त्या जागेवर आकार आपला बसवलेला. 'क'ची अर्धी दांडी एका खणात, काना दुसऱ्यात, रफार तिसऱ्यात. आणि प्रत्येक फाँटवाल्याची खणांची मांडणी वेगळी. फाँट बदलला की अख्खं पुस्तक चिनी दिसायचं. कागदावर छापायचं असेल तोवर कुणाचं काही बिघडत नव्हतं. फिल्म निघाली, प्लेट गेली, संपलं.

म्हणजे कुठल्या अक्षराला कुठला खण याचं प्रमाण ठरलेलं नव्हतं असंही नाही. इस्की हे भारतीय प्रमाण १९९१ चं, युनिकोडची, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांसाठीच्या एकाच प्रमाणाची, पहिली आवृत्तीही १९९१ चीच. विंडोज २००० मध्ये देवनागरी युनिकोड चालू लागलं, त्यातला 'मंगल' फाँट तर आपल्या र. कृ. जोशींच्या हातचा. पण पानं लावायच्या सॉफ्टवेअरला युनिकोडची जोडाक्षरं नीट जमेनात. इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्या धड लागायला २०१२ उजाडलं. तोवर शेकडो प्रकाशकांची हजारो पुस्तकं जुन्या फाँटांत अडकून पडली.

आता ती ई-पुस्तकात आणायची म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये बदलायला हवा. कन्व्हर्टर मिळतात, पण तपासणारा माणूस हवाच. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर लागते. रफार उलटा: जुन्यात शेवटी, युनिकोडमध्ये सुरुवातीला. 'कीर्ती' साध्य होते, पण 'मार्मिक' आला की दोन्ही अदलाबदली एकाच अक्षरावर येतात आणि कन्व्हर्टर गडबडतो. त्यात आपला 'ऱ्या'. तो बहुतेकदा हिंदीवाल्यांसाठी लिहिलेल्या कन्व्हर्टरला ठाऊकच नसतो, म्हणून 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. सह्याद्रीच्या वर्णनात पानोपानी समुद्र! अवतरणचिन्हं, डॅश, आकडे यांच्या जागीही जुन्या फाँटात अक्षरं बसवलेली असायची, तिथे भलतंच काही उगवतं. एका प्रकाशकाकडे मी तीनशे पानी कादंबरी बदलून दिली. मुद्रितशोधनाला मूळ पुस्तकाएवढेच दिवस लागले. त्यांनी विचारलं, या ई-पुस्तकाच्या प्रती किती जातील? मी गप्प बसलो. पुढची पुस्तकं त्यांनी पीडीएफ करूनच सोडली.

सांडगेमिरची

बाप रे, पानोपानी समुद्र! पण मग पीडीएफ चालत नाही का? माझ्याकडे साहित्य संस्कृती मंडळाची कितीतरी मोफत पुस्तकं पीडीएफमध्येच आहेत, ई-साहित्य प्रतिष्ठानचीही.

जुनाखिळा

मोबाइलवर किंवा टॅबवर चालते. सहा इंची ई-रीडरवर हाल होतात. डेमी आकाराचं पान साडेपाच इंच रुंद, सहा इंची पडदा जेमतेम साडेतीन. बारा पॉइंटचं अक्षर आठच्याही खाली जातं. त्यात काना-मात्रा-अनुस्वारांची वरची ओळ नि उकारांची खालची. रोमन अक्षर बारीक झालं तरी वाचता येतं, आपली जोडाक्षरं चिकटतात. अक्षर मोठं करावं तर पान सरकवत बसा. ई-पबमध्ये मजकूर पडद्याप्रमाणे नव्याने ओळी धरतो, पीडीएफमध्ये प्रत्येक अक्षर जागेवर खिळलेलं.

पाचवा_कप

भर घालतो. पीडीएफ वाचायचीच असेल तर चारही कडा कापून, यंत्र आडवं धरून अर्धं-अर्धं पान वाचा. केटूपीडीएफऑप्ट नावाचं मोफत साधन शब्दांची चित्रं कापून पडद्याच्या मापाने पुन्हा रचतं, म्हणजे फाँट कुठला आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांनाही चालतं. आणि ई-पब इकडचं तिकडे करायला कॅलिबर. ते कोविद गोयल या भारतीय माणसाने लिहिलंय, बरं का. २००६ मध्ये त्यांनी सोनीचा रीडर घेतला, तो लिनक्सवर चालेना, म्हणून स्वतःच प्रोग्राम लिहायला बसले. तेच पुढे कॅलिबर झालं. पडदे बनवणाऱ्या कंपन्यांपेक्षा या एका प्रोग्रामने वाचकांचं जास्त भलं केलं, असं माझं मत.

कानाने_वाचतो

मी दृष्टिहीन आहे. स्क्रीन रीडर लावून हा धागा ऐकतोय. तुमचा पडद्याचा वाद माझ्या कामाचा नाही, पण जुनाखिळा यांनी जे लिहिलं ते आमच्याकडे वेगळ्याच रूपात येतं, म्हणून लिहितोय.

जुन्या फाँटातली पीडीएफ उघडली की आमचा आवाज मराठी वाचतच नाही. त्याला आत जे आहे तेच दिसतं, म्हणून तो इंग्रजी अक्षरं, डॉलर, टक्के, कंस असं पुटपुटत सुटतो. अख्खं प्रकरण असंच. स्कॅन केलेली असेल तर "चित्र" एवढंच म्हणून गप्प. तुम्हाला निदान बारीक का होईना, दिसतं. युनिकोडमधलं ई-पब मिळालं तर मात्र मी तुमच्यापेक्षा भरभर वाचतो.

इतिहासात एक नोंद राहिली. २००९ च्या किंडल-२ मध्ये पुस्तक मोठ्याने वाचायची सोय होती. अमेरिकेतल्या लेखकांच्या संघटनेने हरकत घेतली की ध्वनिपुस्तकाचे हक्क वेगळे असतात. मग अॅमेझॉनने ती सोय पुस्तकागणिक बंद करायचा अधिकार प्रकाशकांना दिला. तिथल्या अंधांच्या संघटनांनी न्यूयॉर्कमध्ये निदर्शनं केली. २०१३ मध्ये मराकेश करार झाला. हक्कधारकाची परवानगी न घेता आमच्यासाठी वाचता येईल अशी प्रत करायची मुभा त्यात आहे. त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत, २०१४ मध्ये. २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय हे आमच्यासाठीचं ऑनलाइन ग्रंथालय सुरू आहे. कायदा झाला, पण मराठी पुस्तक माणसाने बसून तपासायचं काम काही कायदा करत नाही.

उगाच_शंका

वरचा प्रतिसाद धाग्याच्या मूळ लेखात जोडावा असं सुचवतो. आणि माझी शंका मागे घेतो: "पुस्तकं उशिरा आली" हे मराठीपुरतं तरी सोळा आणे खरं.

बोरघाट

महाराष्ट्राशी थेट संबंध असलेली एक गोष्ट कुणी लिहिली नाही. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराट या लहानशा गावच्या शाळेत झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपचा पडदा मेरी लू जेप्सेन यांनी केला होता. घरात रंगीत, आणि भर उन्हात मागचा दिवा बंद करून कृष्णधवल, कागदासारखा वाचता येणारा. पडदा वळवून पाठीवर दुमडला की ई-पुस्तक वाचायची पाटी तयार. अॅलन के यांचा तर या प्रकल्पाशी थेट संबंध होता, म्हणजे डायनाबुकचं नातवंडच म्हणा. किंडल आलं त्याच वर्षी अंगणात बसून वाचता येईल असा पडदा रायगडातल्या पोरांच्या हातात होता. त्यावर वाचायला मराठी पुस्तकं कितीशी असणार, ते वर जुनाखिळांनी सांगितलंच आहे.

सांडगेमिरची

अवांतर: प्रकाशक ई-पुस्तक स्वस्त का देत नाहीत? कागद नाही, टपाल नाही.

जुनाखिळा

वर तपासणीचा खर्च सांगितला तो एक. दुसरा कर. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य. ई-पुस्तकावर आधी १८ टक्के होता. जुलै २०१८ मध्ये ज्याची छापील आवृत्ती आहे अशा ई-पुस्तकांवर तो ५ टक्के केला. दुकानदाराचं कमिशन वेगळं. आणि खरं सांगायचं तर छापील प्रतीची विक्री मारली जाईल ही भीती सगळ्यात मोठी.

सांडगेमिरची

बरं, मग शेवटचं विचारते. आमच्या मंडळाचे जुने दिवाळी अंक आहेत, १९९८ ते २००८. पीडीएफ आहेत, काहींच्या पेजमेकरच्या फाइलीही सीडीवर आहेत. त्यांचं ई-पब करायचं तर सुरुवात कुठून करू?

जुनाखिळा

पीडीएफला हात लावू नका. सीडी आधी कॉपी करून घ्या, जुन्या सीड्या कधीही दगा देतात. पेजमेकर चालणारा जुना संगणक गाठा आणि फाइल उघडून फाँटचं नेमकं नाव लिहून घ्या, आकड्यासकट. एकाच घराण्याच्या दोन फाँटांत खणांची मांडणी वेगळी असते, आणि शीर्षकांना बहुधा तिसराच फाँट लावलेला असतो. मग अख्खा अंक नको, एकच पान बदलून बघा. ज्यात 'ऱ्या', 'र्मि', 'क्ष', 'ज्ञ', आकडे आणि अवतरणचिन्हं आहेत असं पान निवडा, म्हणजे कविता नको, पाककृती घ्या. त्यात येणाऱ्या चुका क्रमाने लिहून ठेवा. त्याच चुका पुढे सगळीकडे येणार, त्या एकदम शोधून बदलता येतात. लेखकांची परवानगीही आत्ताच मागायला लागा, ते काम टायपिंगपेक्षा जास्त लांबतं.

एका पानाचा मजकूर आणि फाँटचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, बघतो.

कानाने_वाचतो

झालं की मला पाठवा. चुका कानाला लगेच लागतात, मी ऐकून काढून देतो.